प्रांजलची दाढ

सांगलीच्या विश्रामबागेत माझं औषधाचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर भरतेश मगदूमचा दातांचा दवाखाना. आम्ही दोघं एका वयाचे, राहायलाही एकाच गल्लीत. दुपारी पेशंट संपले की तो खाली येतो, काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसतो आणि चहा मागवतो. त्याच्याबद्दल आता जे सांगतोय त्यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलंय, बाकीचं त्यानंच त्या स्टुलावर बसून सांगितलंय. मी विचारलं नव्हतं. पण एकदा बोलायला लागल्यावर तो थांबला नाही.

भरतेश पलूसकडचा. वडील शांतिनाथअण्णा, ऊस आणि द्राक्षं करणारे जैन शेतकरी. घराण्यातला पहिला डॉक्टर म्हणजे हाच. सांगलीत त्याचं नाव झालं ते त्याच्या हातामुळं. रूट कॅनाल, म्हणजे दाताची नस काढणं म्हटलं की माणूस तारखा पुढं ढकलतो, पण भरतेशच्या खुर्चीत पेशंट डुलक्या काढतात. मी स्वतः त्याच्याकडून दोन दाढा करून घेतल्यात. ड्रिल हातात आलं की तो गप्प होतो, खांदे सैल सोडतो, बोटं तेवढी हलतात. त्याला ह्याचा अभिमान होता आणि तो असायला हरकतही नव्हती.

त्याची बायको त्रिशलावहिनी. त्याही दातांच्याच डॉक्टर. लग्न स्थळ पाहून झालेलं. मुलगा झाल्यावर त्या बरीच वर्षं घरीच होत्या. मुलगा मोठ्या शाळेत जायला लागला तसं त्यांनी दवाखान्यात येते म्हटलं. भरतेशनं मागची सामानाची खोली रिकामी करून दिली. तिथं एक जुनी खुर्ची बसवली आणि रडणारी पोरं तिकडं पाठवायला सुरुवात केली. लहान मुलांचा त्याला कंटाळा होता. तोंड उघडत नाहीत, चावतात, आईच्या पदरात शिरतात. "तू बघ ह्यांच्याकडं," म्हणायचा. आपण मोकळे झालो असंच तेव्हा त्याला वाटलं होतं.

वहिनींचं काम अगदी वेगळं होतं. पोराला खुर्चीत बसवायचं, आधी गप्पा मारायच्या, मग दातावर हवेचा झोत मारून दात कोरडा करायचा आणि निरखून बघायचं. दात ओला असताना न दिसणारे पांढरे डाग कोरड्या दातावर दिसतात, हिरडीच्या कडेला, खडूसारखे. कीड लागायची ती पहिली पायरी. तेवढ्यावर असेल तर वहिनी ड्रिलला हात लावत नसत. छोट्या ब्रशनं फ्लोराईडचं व्हार्निश लावायचं, आईला बाजूला बसवून पेस्ट कुठली घ्यायची, कशी घासायची, गोड कधी द्यायचं ते सांगायचं आणि तीन महिन्यांनी परत बोलवायचं. बस्स. पोरं म्हणायची, आम्ही दाताला रंग लावून आलो.

"रंगारी झाली माझी बायको," भरतेश हसून सांगायचा. पहिले काही महिने ते हसणं खरं होतं.

मग एके दिवशी एक बाई वर गेल्या आणि लगेच खाली आल्या. दुकानासमोर पोराला घेऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "काय झालं? डॉक्टर आहेत की वर."

"मॅडम यायच्या आहेत अजून. थांबते मी."

त्या दिवशी भरतेशच्या समोर एकही पेशंट नव्हता. त्यानं त्या बाईंना स्वतः सांगितलं होतं, "मी आहे ना, या." त्या "नको, आम्ही थांबतो" म्हणाल्या. दुपारी स्टुलावर बसून त्यानं मला हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा शेवटी म्हणाला, "मला काही फरक पडत नाही."

फरक पडत होता. बाहेरच्या खुर्च्या आयाबायांनी भरायला लागल्या आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायला लागल्या. दुपारी चहा पिताना तो फोनवर दवाखान्याबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचायचा. "हे बघ रविराज," मला दाखवायचा, "माझ्याबद्दल काय लिहिलंय? 'डॉक्टर चांगले आहेत.' संपलं. वीस वर्षं लोकांच्या नसा काढतोय मी. आणि हिच्याबद्दल? एकेकीनं निबंध लिहिलेत. कशाबद्दल? तर ब्रश फिरवण्याबद्दल!"

"घरचंच नाव होतंय की," मी म्हटलं.

"तुला नाही कळायचं."

कुणीतरी वहिनींना पाटी भरून डाळिंबं आणून दिली. भरतेशनं एक फोडून खाल्लं आणि आंबट आहे म्हणाला. ती डाळिंबं मीही खाल्ली होती, साखर नुसती. एकदा शांतिनाथअण्णा कवळी घासून घ्यायला गावाहून आले. जिना चढले आणि मुलाच्या खोलीकडं न जाता आधी सुनेच्या खोलीत शिरले. पोरांच्या घोळक्यात बसून राहिले. बाहेर येऊन लेकाला म्हणाले, "भरतेश, सूनबाईच्या हाताला गुण आहे बघ."

हात हा शब्द वडिलांनी तिच्यासाठी वापरला, तो त्याला फार लागला. मागच्या खोलीतून पोरांच्या हसण्याचा आवाज आला की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यानं मला सांगितलं, की अशा वेळी तो समोर पेशंट नसतानाही ड्रिल सुरू करून धरायचा. नुसतं हवेत. तो आवाज भिंतीतून पलीकडं जायचा आणि हसणं थांबायचं. हे सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

ह्याच दिवसांत रंगुबाई आणि तिची नात प्रांजल दवाखान्यात आल्या. कवठे महांकाळच्या पलीकडची वाडी त्यांची. धनगराचं घर. मुलगा धनाजी आता शेती बघतो, पण घरात अजून मेंढरं आहेत आणि ती रंगुबाईच्या हुकमात आहेत. प्रांजल नऊ वर्षांची, बडबडी, पुढच्या दातांवर ओठ दाबून बोलायची. शाळेत पोरं तिला 'खडू' म्हणायची म्हणून.

वहिनींनी दात कोरडे करून बघितले. पुढच्या दोन दातांवर हिरडीजवळ पांढरे पट्टे होते आणि वरच्या एका दाढेवर गालाच्या बाजूला तसाच डाग. पाणी कुठलं पिता, बोअरचं की नळाचं, हे विचारून घेतलं, कारण पाण्यातच फ्लोराईड जास्त असलं तरी दातांवर डाग पडतात. पण हे डाग तसे नव्हते. पोरगी दिवसभर चहात बुडवून बिस्किटं खात होती आणि दात घासत होती मनात येईल तेव्हा.

"आवं, मंजी किडलं का न्हाई? येक कायतरी सांगा," रंगुबाई म्हणाली.

"किडायला लागलंय, पण भोक नाही पडलं. भिंतीचा गिलावा भुसभुशीत होतो बघा, पण भिंत उभी असते. तसं झालंय."

"मग ह्यो गिलावा परत घट हुतो?"

"होतो. दातातला जो चुना गेलाय तो थुंकीतून परत भरतो. फ्लोराईड असलं की लवकर भरतो आणि पक्का बसतो. पण तुम्हाला बिस्किटांचा डबा वर ठेवावा लागेल."

"आन ही दाढ? दुधाची असंल, पडंल की."

"नाही आज्जी. सहाव्या वर्षी सगळ्यात मागं येते ती दाढ कायमची. ती जन्मभर पुरवायचीय."

वहिनींनी व्हार्निश लावलं. दुपारपर्यंत कडक काही खायचं नाही, आज रात्री घासायचं नाही, उद्यापासून दोन वेळा घासायचं आणि पेस्ट नुसती थुंकायची, वर पाण्यानं खळखळून धुवायचं नाही, असं प्रांजलकडूनच दोनदा म्हणवून घेतलं. जाताना रंगुबाई माझ्या दुकानात पेस्ट घ्यायला आली. "लय झ्याक बाई हाय," म्हणाली. भरतेश तेव्हा स्टुलावरच बसला होता. त्यानं चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

तीन महिन्यांनी त्या दोघी ठरल्या दिवशी आल्या. तो दिवस वाईट होता. साताऱ्यात शिक्षकांचा मेळावा होता आणि मुलांच्या दातांवर बोलायला वहिनींना बोलावणं आलं होतं. त्या पहाटेच्या एसटीनं गेल्या होत्या. त्यांच्या त्या दिवशीच्या पेशंटांना फोन झाले होते, पण वाडीवर रेंज नव्हती. बोलावणं आलं तेव्हा भरतेशनं वहिनींना विचारलं होतं, "दातांवर बोलायला त्यांना माझी आठवण नाही झाली?" वहिनी म्हणाल्या होत्या, "लहान मुलांच्या दातांवर आहे हो." त्यावर तो दोन दिवस बोलला नव्हता. त्या दिवशी सकाळपासून साताऱ्याहून फोटो येत होते. व्यासपीठावर वहिनी, समोर भरलेला हॉल. ते फोटो शांतिनाथअण्णांनी पलूसच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले आणि प्रत्येक फोटोखाली अंगठ्यांची रांग लागली.

रंगुबाईनं दारातूनच विचारलं, "बाई न्हाईत व्हय?"

"नाहीत. मी बघतो, बसवा तिला."

"न्हाई म्हंजी... आमी परत येतो की. उद्या हायत न्हवं?"

दोन एसट्या बदलून आलेली म्हातारी परत जाऊन उद्या यायला तयार होती, पण त्याच्या खुर्चीत नातीला बसवायला तयार नव्हती. भरतेश मला म्हणाला, "त्या क्षणी माझं डोकं फिरलं असं नाही म्हणता येणार. डोकं अगदी शांत होतं. तेच वाईट."

त्यानं प्रांजलला बसवून घेतलं. दात कोरडे केले. पुढचे पट्टे अर्ध्यावर आले होते. दाढेवरचा डाग होता, पण त्याची खडूसारखी कळा गेली होती आणि चमक आली होती. त्यानं डागावरून प्रोबचं, म्हणजे दात तपासायच्या बारीक सळईचं, टोक अलगद फिरवलं. घट्ट. गुळगुळीत. डाग बरा होत होता. वीस वर्षांच्या हाताला ते कळायला एक क्षण पुरला.

"आज्जी, हे असं वर्षभर रंगवत बसण्यात काय अर्थ आहे? एका बैठकीत संपवून टाकतो."

"बाई म्हणल्या हुत्या, कोरायचं न्हाई."

"डॉक्टर मी आहे ना?"

रंगुबाई खुर्चीजवळ सरकली. ड्रिल सुरू झालं तसं प्रांजलनं खुर्चीचे हात धरले. "मॅडम म्हणल्या, दुखनार न्हाई," ती म्हणाली. दुखलं फार नसावं, पण आवाजाला आणि त्या माणसाच्या चेहऱ्याला ती भ्याली. रडायला लागली. रंगुबाईनं तिचे हात धरले, रडू नको म्हणाली आणि भरतेशनं डाग कोरून काढून सिमेंट भरलं. काम सुबक झालं. त्याचं काम सुबकच असतं. हात धुताना, तो म्हणाला, एवढं बरं वाटत होतं की साबण दोनदा लावला. मग टॉवेल शोधताना बाहेरून पोरीचं हुंदके देणं ऐकू आलं आणि ते बरं वाटणं गेलं ते गेलंच.

मी त्या दोघींना जिना उतरताना पाहिलं. पोरीचा हात गालावर होता. रंगुबाई म्हणाली, "भोक पाडून बुजवलं, दादा. आता डाक्टरच म्हणल्यावर आपण काय बोलायचं?" मला त्यातलं काही उमगलं नाही.

भरतेशनं घरी काही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला प्रांजल आली ती वहिनींच्या खोलीच्या दारातच अडून बसली. तोंड उघडेना. वहिनींनी तिच्याशेजारी फरशीवर बैठक मारली तेव्हा कुठं तिनं तोंड उघडलं. दाढेवर, जिथं चमकणारा डाग दिसायला हवा होता, तिथं भरलेलं सिमेंट होतं.

वहिनी त्याच्या खोलीत गेल्या. पेशंट नुकताच उठला होता. त्यांनी दार लावलं.

"प्रांजलची दाढ तुम्ही कोरली?"

"हो."

"डाग कसा होता?"

तो ट्रेमधली हत्यारं आवरायला लागला.

"मऊ होता का? टोक अडकत होतं का? मी तेवढंच विचारतेय."

"घट्ट होता," तो म्हणाला. खोटं बोलता आलं असतं, वहिनींना ते सिद्ध करता आलं नसतं. पण त्याच्या तोंडून ते निघालं नाही.

"बरा होत होता हे तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग?"

"तू साताऱ्यात होतीस," तो म्हणाला.

वहिनींनी हातातले मोजे काढले. मग म्हणाल्या, "माझा राग माझ्यावर काढायचा होता. घरात काय थोडी भांडी आहेत आदळायला? ती पोर दोन एसट्या बदलून येते हो. आता ते सिमेंट कधीतरी निघणार, परत भरायचं, दर वेळी थोडा जास्त दात जाणार. जन्मभर."

त्यांनी त्यानंतर महिनाभर आधी ठरलेले पेशंट बघितले, आणि मग त्या सांगलीच्या दवाखान्यात आल्या नाहीत. पलूसला स्टँडजवळ शांतिनाथअण्णांचा एक गाळा होता, खताची पोती ठेवायला. अण्णांनी तो झाडून घेतला, रंग दिला आणि सुनेला दिला. वहिनी रोज सकाळी एसटीनं पलूसला जातात, संध्याकाळी परत येतात. घर एकच राहिलं. ताटं एकत्र वाढली जात होती, पण दवाखान्याबद्दल घरात एक शब्द निघत नव्हता.

तुम्हाला वाटेल, भरतेशला पश्चात्ताप झाला आणि जळणं संपलं. तसं झालं नाही. पश्चात्ताप झाला, पण जळणं वाढलं. त्याच्या बाहेरच्या खुर्च्यांवर आता फक्त मोठी माणसं गाल धरून बसायची. वडिलांनी आपल्याला न विचारता गाळा दिला, हे त्याला खुपत होतं. अण्णांना भेटायचं निमित्त काढून तो पलूसला गेला आणि गाळ्यासमोरच्या रसवंतीत बसून राहिला. हे त्यानं दोनदा केलं. कोण येतं, किती वेळ बसतं, बाहेर पडताना पोरं काय करतात, ते बघत.

तिसऱ्यांदा गेला तेव्हा समोरून रंगुबाई आली, प्रांजलचं बोट धरून. वाडीवरून आता त्या पलूसला येत होत्या. प्रांजलनं त्याला ओळखलं आणि आजीच्या मागं लपली. तिथून निघून जाणं सोपं होतं. पण तो उठला आणि रस्ता ओलांडून त्यांच्या पाठोपाठ गाळ्यात गेला. आत सात-आठ बायका, त्यांची पोरं. वहिनी आतल्या खोलीत.

"आज्जी," तो म्हणाला, "त्या दिवशी प्रांजलची दाढ कोरायची गरज नव्हती. डाग बरा होत होता."

रंगुबाईला आधी कळलं नाही. "मंजी? चुकलं तुमचं?"

"चुकलं नाही. मला माहीत होतं तरी कोरली."

"कशापायी?"

"बायकोवर जळत होतो. लोक तिला विचारत येतात म्हणून."

म्हातारीचा आवाज मेंढरांमागं ओरडून कमावलेला. तो स्टँडपर्यंत गेला असेल. "तुमच्या बायकूवर जळला आन माझ्या पोरीची दाढ फोडली? आरं, शिकल्याला का कोन रं तू? म्या तिचं हात धरलं हुतं! रडू नगं म्हणलं हुतं तिला, डाक्टर चांगलं करत्यात म्हणलं हुतं!" आणि बोलता बोलता ती स्वतःच रडायला लागली. सगळ्या बायका भरतेशकडं बघत होत्या. त्यातल्या दोघी त्याच्या भावकीतल्या होत्या.

आतलं दार उघडून वहिनी बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या नवऱ्याच्या बाजूनं काही बोलल्या नाहीत आणि त्याच्याविरुद्धही नाही. रंगुबाईला पाणी दिलं. "प्रांजल, आत ये," म्हणाल्या.

प्रांजल हलली नाही. भरतेशकडं बोट करून म्हणाली, "ह्ये आत येनार न्हाईत न्हवं?"

"नाही येणार," भरतेशच म्हणाला आणि बाहेर पडला.

ही गोष्ट पलूसभर झाली, मग सांगलीतही आली. काही पेशंट तुटले. काहींना त्याचं काही नव्हतं, त्यांना नस काढून हवी होती. रंगुबाईनं त्याला माफ केलं नाही. वहिनींनी केलं की नाही मला माहीत नाही, पण त्या दिवसानंतर घरात त्या दवाखान्याबद्दल बोलायला लागल्या, एवढं त्यानं मला सांगितलं. प्रांजलच्या पुढच्या दातांवरचे पट्टे आता जवळून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. दाढ वहिनींच्या नजरेखाली आहे.

गेल्या महिन्यात माझी मुलगी राजेश्वरी, सहा वर्षांची, आरशासमोर उभी राहून म्हणाली, माझ्या दातावर ढग आलाय. मी तिला उचललं आणि वर नेलं. मित्राचा दवाखाना डोक्यावर असताना पलूस गाठणं मला बरं वाटेना.

भरतेशनं तिला खुर्चीत बसवलं. हवेचा झोत मारला. "ये, बघ," मला म्हणाला. हिरडीच्या कडेला बारीकशी पांढरी रेघ होती. "हे मला आधी दिसत नव्हतं असं नाही. दिसायचं. पण त्यात मला करण्यासारखं काही नसायचं, म्हणून मी ते धरायचोच नाही. भोक पडलं की मगच माझा पेशंट."

"मग लाव की तूच व्हार्निश. कपाटात बाटली दिसतेय की."

त्यानं राजेश्वरीला खाली उतरवलं. ती गोष्ट त्याच्याकडून होण्यासारखी होती, अवघड काहीच नव्हतं. थोडा वेळ त्यानं कपाटाकडं बघितलं.

"नको. त्रिशलाकडं ने," तो म्हणाला. "पुढची दोन-तीन वर्षं हिला कुणाकडं तरी हसत जावं लागेल. माझ्याकडं पोरं येतील, पण हसत नाही येणार."

मी निघालो तसा तो जिन्यापर्यंत आला. कडू काही खाल्लेल्या माणसाचं होतं तसं त्याचं तोंड झालं होतं.

"अजून जळतं रे," तो म्हणाला. "पलूसला कुणालाही पाठवताना जळतं. जा तू. पण परत आल्यावर तिथं पोरं कशी खूष होती, किती गर्दी होती, तेवढं मला सांगू नकोस."